गारेचा डोळा

गारा पडल्या त्या चुलीवरचा चहा उतू जावा एवढाच वेळ. पण व्हायचं ते तेवढ्यात होऊन गेलं. मुका गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. पत्र्यावर असा काही ताशा वाजत होता की शेजारी उभी असलेली बायको काय म्हणतेय, ते त्याला ऐकू येईना. आवाज थांबला तेव्हा टोमॅटोची झाडं चिखलात निजली होती, कोबीच्या गड्ड्यांना भोकं पडली होती आणि दुधीचा मांडव एका अंगाला बसला होता. मुक्याने वळून बायकोकडे पाहिलं. तिच्या तळहातावर लिंबाएवढी एक गार होती. खुरप्याच्या टोकाने तिने ती फोडली होती आणि अर्धुक उजेडाकडे धरून बघत होती.

"अहो, ह्यात कांद्यासारखे पापुद्रे आहेत," ती म्हणाली.

"घ्या!" आतून म्हातारी ओरडली. "शेत झोपलं, आणि आमची पेंटरीण गारा सोलत बसलीय!"

पेंटरीण हे नाव म्हातारीनेच पाडलेलं. सुनेचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लहानपणी त्यांच्या शिडीखाली बसून रंगाचे डबे ढवळलेली ही पोर लग्न होऊन भाजीच्या शेतात आली, ती डोळे माहेरचेच घेऊन. वांगी तोडताना हिचा हात मध्येच थांबायचा. का थांबलीस विचारलं तर म्हणायची, ह्या वांग्याचा जांभळा रंग देठापाशी हिरवा होतो तो कुठे होतो, ते शोधतेय.

आणि मुका काही खरा मुका नव्हता. त्याला शब्द काढायचे म्हणजे भिजलेल्या दोरीची गाठ सोडवण्यासारखं व्हायचं, एवढंच. गाठ सुटेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. मग तो जे सांगायचं ते हातांनी करून मोकळा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून उरलंसुरलं वेचलं. चिखलात वाकून म्हातारीची कंबर धरली, पेंटरिणीच्या बोटांच्या पेरांत टोमॅटोच्या रसाने आग झाली. जे धड दिसलं ते धुऊन, पुसून, क्रेटमध्ये रचून मुक्याने बाजारात नेलं. अडत्याने वरचा एक दुधी उचलला, बोटांत फिरवला आणि लिलावाला जमलेल्यांना दाखवत म्हणाला, "काय रे मुक्या, ह्याला कांजिण्या आल्यात. डॉक्टरकडे न्यायचा सोडून माझ्याकडे कशाला आणलास?"

लोक हसले. मुक्याच्या तोंडात एक वाक्य तयार होत होतं, पण ते होईस्तोवर अडत्या पुढच्या ढिगाकडे गेला. मुक्याने क्रेट पुन्हा खांद्यावर घेतले. जाताना जेवढे होते तेवढेच येताना. रस्त्याने सगळी ओळखीची माणसं भेटली. नको असतं तेव्हा सगळी भेटतात.

घरी म्हातारीने सगळं ओळखलं. क्रेट गाईपुढे ओढला आणि सुनेला म्हणाली, "काप, कोबी काप. निदान तिचं तरी पोट भरू दे."

पेंटरिणीने विळीवर पहिला गड्डा उभा चिरला. आणि थांबली. मुका दारात चिखलाचे पाय धूत होता. त्याला विळीचा आवाज बंद पडल्याचं कळलं, म्हणून त्याने मान वर केली. ती दोन्ही हातांत कोबीची दोन अर्धुकं धरून बसली होती. आतल्या पानांच्या वळकट्या, एकीच्या कुशीत दुसरी, मधोमध जाड पांढरा दांडा आणि त्याला दोन्हीकडे फुटलेले फाटे. गारेने वरच्या पानाला भोक पाडलं होतं, तिथून आत आत प्रत्येक पानाने जराशी बगल दिली होती, ओढ्यातलं पाणी दगडाला देतं तशी.

"फोन द्या ना जरा," ती म्हणाली.

फोन मुक्याचा होता. काचेला तडा गेलेला. त्याने हात सदऱ्याला पुसून दिला. तिने कोबी खिडकीत ठेवला, कडेने येणाऱ्या उन्हात, मागे काळी कढई उभी केली आणि फोटो काढला. मग कांद्याची पातळ चकती काचेच्या ग्लासावर ठेवून, खालून उजेड येऊ देऊन. मग पिकून आपोआप उललेलं कारलं, आतल्या लालभडक बियांसकट.

गाय हंबरली.

"तिला म्हणावं थांब, तुझ्या जेवणाचं आधी फोटोसेशन आहे," म्हातारी म्हणाली. पण मुक्याने त्या तडा गेलेल्या काचेत डोकावून पाहिलं, आणि त्याला क्षणभर कळेना की हे काय आहे. झाड? नदी? उभी चिरलेली टेकडी? आयुष्यभर कोबी लावला, काढला, विकला, खाल्ला. कोबीच्या पोटात एवढं सगळं आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने फोन परत मागितला नाही.

त्याच आठवड्यात वीटभट्टीचा मुकादम मोटरसायकलवरून आला. गारा कुठे कुठे पडल्या ह्याची बातमी त्याला हवामानखात्याच्या आधी लागायची. बाजेवर बसून चहा घेत तो म्हणाला, "भट्टी पेटायला वेळ आहे. पण जागा धरून ठेवायची तर शब्द लागतो. नवराबायको दोघं या. म्हातारीला बहिणीकडे ठेवा."

म्हातारी चुलीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ ताठ झाली.

मुका उठला आणि विहिरीच्या काठाकडे बोट दाखवून चालू लागला. मुकादम मागोमाग आला. तिथे खताच्या उकिरड्यालगत लाल भोपळ्याचे वेल होते. गारांनी पानांच्या चिंध्या केल्या होत्या, पण मुळं खोल होती. प्रत्येक पेरातून नवी शेंडी निघाली होती, आणि चिंध्यांच्या आडोशाला मुठीएवढे कोवळे भोपळे बचावले होते.

"हे..." मुका म्हणाला. मुकादम थांबला. त्याला सवय होती. "हे नीट निघाले तर थांबतो. नाही तर येतो."

"निघाले तर," मुकादम म्हणाला. "कुजले तर मला निरोप धाड."

मग घरात दुसरं काही उरलंच नाही. सकाळी उठायचं ते भोपळ्यांकडे जायचं. मुक्याने आळी नव्याने बांधली. म्हातारीने गवत वळून चुंबळी केल्या, बायका डोक्यावर घागरीखाली घेतात तशा, आणि एकेका भोपळ्याखाली एकेक सरकवली, जमिनीची ओल पोटाला लागू नये म्हणून. भोपळा उचलताना देठ हलू नये, ह्यासाठी ती श्वास रोखून धरायची. तान्ह्या पोराच्या मानेखाली हात घालावा तसा हात घालायची.

एका सकाळी पेंटरीण ह्या भोपळ्यांपाशी उकिडवी बसली ती उठेचना. मुका जवळ गेला.

"हे बघा," ती म्हणाली. "गार लागली तेव्हा हा टिपका मोहरीएवढा होता. आता बघा केवढा झालाय."

खरंच. हिरव्या सालीवर गारेचा ओरखडा सुकून खपली धरली होती, आणि भोपळा वाढला तशी खपलीही वाढली होती. उंचवट्याची, फिकट तपकिरी, मधे गोल आणि कडेला निमुळती. डोळ्यासारखी. कोणीतरी शेतात बसून आपल्याकडे बघतंय असं वाटावं अशी.

पेंटरिणीने शेजारच्या लिंबाचा काटा मोडला. मुक्याला काही कळायच्या आत तिने त्या डोळ्याभोवती सालीवर हलकी रेघ ओढली. चोच. कपाळ. मान. पंख मिटलेला. रेघेतून पाण्याचे बारीक थेंब डवरून आले. एक पक्षी मान तिरकी करून मुक्याकडे बघू लागला.

"अगं बया!" म्हातारी पाण्याची झारी टाकून धावली. "पोटच्या पोरागत जपतेय मी ह्यांना, आणि तू काट्याने सोलतेस? जखम झालेला भोपळा कधी टिकलाय? हा कुजला म्हणजे? भट्टीवर तुझा बाप जाणार आहे का विटा थापायला?"

"आई, ह्याला आधीच जखम होती," पेंटरीण म्हणाली. "बाजारात ह्याला डागीच म्हणणार. मी फक्त..."

"तू फक्त काय?"

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. बोल म्हणून नव्हे, त्याच्याकडून ती अपेक्षा कोणी ठेवत नसे. हात उगार, काटा हिसकाव, काहीतरी कर म्हणून.

मुका खाली बसला. पक्ष्याकडे बघितलं. रेघ किती खोल गेलीय ते नखाने चाचपलं. मग उठून लिंबाच्या झाडाकडे गेला आणि मूठभर काटे मोडून आणले. जाड काटे टाकले, बारीक निवडले. ते बायकोच्या पुढ्यात ठेवले आणि बोटाच्या पेरावर नख ठेवून दाखवलं. एवढंच खोल. ह्याहून नाही.

म्हातारी त्यानंतर संध्याकाळपर्यंत दोघांशीही बोलली नाही. एका घरात दोन मुके झाले.

मग ज्या ज्या भोपळ्याला गारेने गाठलं होतं, त्याला त्याला पेंटरिणीने गाठलं. गारेने जे अर्धवट टाकलं ते ही पुरं करायची. आडव्या ओरखड्याची होडी झाली. तीन टिपक्यांचं कुत्र्याचं तोंड झालं. एका लांबट भोपळ्यावर गार घसरत गेली होती, तिथे बैलाचं शिंग निघालं आणि शिंगाखाली अख्खा बैल. दिवसभर निंदणी, पाणी, गोठा, आणि ऊन कलायच्या सुमारास ती काटा घेऊन बसायची. रेघ सुकायची, खपली धरायची, भोपळ्याबरोबर रुंदावायची. पक्षी दर सकाळी जरा मोठा झालेला असायचा. ती रोज त्याचा फोटो घ्यायची. मुका पाणी धरायला जाताना मुद्दाम त्या वाटेने जायचा. आज पंख कुठवर आला, ते बघायचा आणि मग पाण्याला हात घालायचा.

एके दिवशी ती फोटो छापून आणायला गावातल्या स्टुडिओत गेली. फोटोवाल्याने फोन हातात घेत सवयीने विचारलं, "लग्न कोणाचं?"

"कोबीचं," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

फोटोवाला हसला. मग एकेक चित्र सरकवत गेला तसं त्याचं हसू ओसरलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला. "ही कांद्याची चकती कशी घेतलीत?"

"ग्लासवर ठेवून. खाली टॉर्च."

"आणि हा पक्षी?"

तिने सांगितलं. "मी वीस वर्षं माणसांना 'हसा, हसा' म्हणतोय," तो म्हणाला. "ह्या भोपळ्याला कोणी हस म्हटलं नाही, तरी बघा." मग त्याने तिला दुकानामागच्या खोलीत नेलं. एक उंचसखल नारळ टेबलावर ठेवला आणि दिवा आधी समोरून, मग अगदी बाजूने धरून दाखवला. "समोरून उजेड टाकलात की सगळं सपाट होतं. बाजूने टाकलात की उंचवटा बोलतो. पक्षी सकाळी सकाळी घ्या, ऊन जमिनीलगत असतं तेव्हा."

तिने तसा घेतला. मुका तेव्हा मागे उभा होता. कोवळं ऊन आडवं आलं आणि पक्ष्याच्या एकेका पिसाला सावली फुटली. मुक्याने नकळत हात पुढे केला, आणि मागे घेतला. उडेल की काय असं त्याला वाटलं होतं.

आणि मग आभाळ भरलं. पाऊस नाही, ऊन नाही. नुसतं दमट, चिकट, पोटात घेऊन बसलेलं आभाळ. कपडे वाळेनात. वेलांखालच्या चुंबळी काळ्या पडल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी होडीच्या भोपळ्याच्या रेघेतून पाणी झिरपताना मुक्याला दिसलं. वास घेतला. आंबूस. त्याने पुढचा भोपळा पाहिला, त्याच्या पुढचा. सगळ्याच रेघा ओलसर.

पेंटरीण स्टुडिओत गेली होती. म्हातारी वेलांच्या कडेला उभी राहून एकच वाक्य म्हणाली, "मी सांगितलं होतं." ते ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

झाडाची साल सोलवटली की मुक्याचा हात आपोआप चुन्याकडे जायचा. बापाने तेच केलं होतं, त्याच्या बापानेही तेच. जखम दिसली की चुना. त्याने गोठ्यातला डबा काढला, चुना कालवला, दात घासायच्या जुन्या ब्रशने सगळ्यात आधी पक्ष्यावर लावला, कारण त्याला सगळ्यात आधी पक्षी वाचवायचा होता. चुना घट्ट वाटला, म्हणून पुढच्यांसाठी त्यात पाणी घातलं. मग होडी. मग कुत्रा. मग बैल. रेघेवरून रेघ, अगदी हलक्या हाताने. कितीतरी वेळ तो असा वाकून होता.

पेंटरीण परत आली आणि बांधावरच थांबली.

"हे कोणी केलं?"

मुक्याने ब्रश वर केला. त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा होता.

"अहो, विचारायचं तरी! एवढे दिवस..." ती पक्ष्यापाशी बसली. पिसांच्या सगळ्या बारीक रेघा चुन्याच्या लपक्याखाली गेल्या होत्या. डोळाही. "ह्याला काय दिसणार आता?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

मुक्याला पुष्कळ सांगायचं होतं. कुजत होते, वास येत होता, हा पहिला वाचावा म्हणून पहिल्यांदा ह्यालाच लावला. गाठ सुटेना. तो नुसता "पाणी... झिरपत..." एवढं म्हणाला, आणि ब्रश डब्यात टाकून विहिरीकडे निघून गेला.

पक्षी वाचला नाही. तोच पहिला, त्यावरच चुना घट्ट. तीन दिवसांत साल भाजल्यासारखी झाली आणि बोट लावलं तर बोट आत गेलं. मुक्याने तो स्वतः उचलून उकिरड्यावर नेला. रिकाम्या चुंबळीकडे दिवसभर कोणी बघितलं नाही.

पण बाकीचे कोरडे पडले. झिरपणं थांबलं, वास गेला. आणि आणखी एक झालं, जे कोणी ठरवलं नव्हतं. आभाळ उघडलं त्या सकाळी शाळेच्या बसच्या चालकाने रस्त्यावर गाडी थांबवली. खिडक्यांतून सगळी पोरं ओरडत होती, "बैल! बैल! तो बघ कुत्रा!" आजवर ही चित्रं उकिडवं बसून बघावी लागत. आता हिरव्यागार पानांत पांढऱ्या रेघांनी ती रस्त्यावरून दिसत होती.

पेंटरीण मुक्याशेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ दोघं पोरांकडे बघत होते.

"बाबा पाटीला आधी पांढऱ्याचा हात द्यायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, त्याशिवाय अक्षर लांबून वाचता येत नाही. मी विसरलेच होते." मग थोड्या वेळाने, "पण पुढच्या वेळी चुना मी कालवणार."

मुक्याने मान हलवली. पुढच्या वेळी, असं ती म्हणाली होती.

फोटोवाल्याने आपल्या दुकानाच्या काचेतला नवरानवरीचा मोठा फोटो काढून तिथे पक्षी लावला. खिडकीएवढा. बाजूने उजेड, एकेक पीस उभं, आणि गारेचा तो डोळा. मुका पाहायला गेला तेव्हा काचेपुढे चार माणसं उभी होती. त्यात अडत्या होता.

"हा भोपळा आहे?" अडत्या विचारत होता. "कोणाच्या शेतातला?"

ह्या वेळी मुक्याची गाठ पटकन सुटली. "माझ्या," तो म्हणाला. "कांजिण्या आलेला."

भोपळे पिकले तसा चुना पावसाच्या एका सरीने धुऊन गेला आणि केशरी सालीवर फिकट उंच रेघा राहिल्या, जणू आतूनच आलेल्या. ते बाजारात न्यावे लागले नाहीत. लोक बांधावर येऊन आपापला निवडत. म्हातारी बाज टाकून बसली होती.

"मावशी, चित्राचे वेगळे पैसे घेता की काय?" एकाने घासाघीस करत विचारलं.

"भोपळा कुठेही मिळतो," म्हातारी म्हणाली. "पैसे चित्राचेच आहेत. भोपळा वर फुकट."

पेंटरिणीने पदर तोंडाला लावला. मुका वेलांत वाकला आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिला.

मुकादम आला तेव्हा ढीग निम्म्यावर आला होता. त्याने मोटरसायकल उभी केली, ढिगाकडे पाहिलं, मुक्याकडे पाहिलं.

"यंदा... नाही येत," मुका म्हणाला.

"दिसतंय," मुकादम म्हणाला. उतरून त्याने ढिगाभोवती एक फेरी मारली. "मग तो बैलाचा दे. पोरीला नेतो."

संध्याकाळी सगळे गेल्यावर एक भोपळा उरला. तो म्हातारीने सकाळीच बाजूला काढून बाजेखाली ढकलला होता, आणि कोणी हात लावला तर अंगावर जात होती. पेंटरिणीने सगळ्यांत शेवटी कोरलेला, कोणाला न दाखवता, पानांच्या आड. एक बाई वाकून भोपळ्याखाली चुंबळ सरकवतेय. गारेने दिलेली आडवी खपली तिच्या कपाळावरची आठी झाली होती.

"हा विकायचा नाही," म्हातारी म्हणाली. "बियाण्याला धरायचा."

"बरं," मुका म्हणाला.

तिने भोपळा मांडीवर घेतला, अंगठा त्या आठीवरून फिरवला. मग आवाज बारीक करून सुनेला विचारलं, "काय गं, ह्याच्या बिया लावल्या तर त्यालाही असंच चित्र येईल का?"

पेंटरीण हसली नाही. "नाही आई. ते दर वेळी नव्याने काढावं लागतं."

म्हातारीने भोपळा मावळतीच्या उन्हाकडे जरा तिरका धरला, बाजूने उजेड पडेल असा. बघितलं. आणखी तिरका केला.

"मग पुढच्या खेपेला," ती म्हणाली, "नाक जरा सरळ काढ."